बोले यांचा पाण्याचा ठराव

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण आईबाबांबरोबर मुंबईला सिद्धिविनायकाला गेले असतील. देवळाजवळच्या रस्त्याची पाटी कुणी वाचली का? एस. के. बोले मार्ग. हे बोले म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले. ते भंडारी समाजातले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी पुष्कळ काम केले.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. आजच्या विधानसभेसारखे मुंबईला कायदे कौन्सिल होते. मत द्यायचा हक्क मात्र सगळ्यांना नव्हता. बोले त्या कौन्सिलचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळे असावेत, असा तो ठराव. तो पास झाला आणि सप्टेंबरात सरकारचा हुकूमही निघाला.

पण ठराव म्हणजे कायदा नव्हे, असे गुरुजींनी सांगितले. ग्रामसभेत ठराव होतो, पण तो अमलात आणायला कुणीतरी उठावे लागते ना, तसेच.

महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. तेव्हा जिल्ह्याला कुलाबा म्हणत. तिथल्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. म्हणजे कागदावर! तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, पण माणसांना बंदी होती. बोले गप्प बसले नाहीत. १९२६ साली त्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. आम्हाला हे फार आवडले.

शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्याच दिवशी त्या लोकांना मारहाण झाली. पुढे नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्च महिन्यात. पहिल्या ठरावाला तेव्हा तेरा वर्षे उलटून गेली होती. तोवर किती बाया कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून रिकामा हंडा घेऊन उभ्या राहिल्या असतील!

पालकांना विनंती, आपल्या कोन गावच्या किंवा तुमच्या माहेरच्या जुन्या विहिरीवर कोण पाणी भरायचे नि कोण नाही, हे आजी-आजोबांकडून ऐकले असेल तर वर्गात येऊन सांगा. पुढच्या अंकात ते लिहून लावू.