सावलीतील तीव्र उतारासाठी कमी निगेची झाडे

कोकणात अनेक घरांच्या मागे आंबा-फणसाच्या दाट सावलीतील तीव्र उतार असतो. जून ते सप्टेंबर या काळात तेथे साधारणतः २,५०० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. उतार उघडा असल्यास जांभ्या जमिनीचा वरचा कसदार थर वाहून जातो व झाडांची मुळे उघडी पडतात. अशा जागेसाठी निवड करताना सावलीत काय वाढते एवढेच पाहू नये. काढणीसाठी माती खणावी लागते का, हे आधी पाहावे.

हळद, आले व सुरण विरळ सावलीत येतात. परंतु लागवड व काढणीसाठी दरवर्षी माती मोकळी होते आणि पुढील पावसात ती वाहते. ही पिके पायथ्याच्या सपाट जागेत घ्यावीत. उतारावर पुढील झाडे निवडावीत.

कोकम (रातांबा) : सावली सहन करणारे, दीर्घायुषी झाड. रोपांपासून लागवड केल्यास सुमारे निम्मी झाडे नर निघतात, म्हणून मादी झाडाची कलमे लावावीत. दापोली येथील कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात प्रसारित केली आहे. दोन झाडांत ६ मीटर अंतर ठेवावे.

काळी मिरी : उभ्या झाडांवर चढवावी. पन्नियूर-१ ही जात दाट सावलीत कमी फळते. तेथे करिमुंडा निवडावी. वेल खोडाच्या उत्तर किंवा पूर्व बाजूस लावावा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, अन्यथा मर रोग होतो.

अननस : जेथे अर्धवट ऊन येते तेथे लावावा. उतारास आडव्या, समपातळीवरील ओळींत लावल्यास वाहून येणारी माती पानांच्या बुंध्याशी अडते.

लेंडी पिंपळी व नेचे : पायथ्याच्या ओलसर भागात पिंपळी जमिनीवर पसरते व पेरांवर मुळे सोडते. आपोआप उगवलेले नेचे काढू नयेत.

वाळ्याची मुळे माती उत्तम धरतात. पण वाळ्याला ऊन लागते. तो वरच्या उघड्या कडेला लावावा आणि मुळे विक्रीसाठी खणू नयेत.

लागवड व निगा

पाऊस स्थिरावल्यावर लागवड करावी. खड्डे लहान व एकाआड एक घ्यावेत. निघालेली माती खालच्या बाजूस अर्धचंद्राकार दाबून बसवावी. संपूर्ण उतार साफ करू नये. तण कुदळीने न खणता विळ्याने कापून तेथेच पसरावे. पातेरा जाळू नये. तेच आच्छादन व तेच खत. कोकमाला पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. पुढे फारशी निगा लागत नाही.

महत्त्वाची सूचना

झाडे वरची माती धरतात, खोलवर सरकणारी दरड रोखू शकत नाहीत. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली, हे विसरू नये. घराच्या वरील तीव्र उतारावर पाणी जिरवणारे चर खोदू नयेत. वरून येणारे पाणी बाजूच्या ओहोळात काढून द्यावे. जमिनीला भेगा पडल्यास, झाडे कलल्यास किंवा अचानक गढूळ झरे फुटल्यास घर तातडीने सोडावे व तहसील कार्यालयास कळवावे.