घरबागेतील स्ट्रॉबेरीची रोपे
मावळात हिवाळ्यात स्ट्रॉबेरी फळते. परंतु लोणावळ्याच्या पावसातून तिची रोपे वाचविणे, हेच खरे कष्टाचे काम होय. महाबळेश्वरचे बागायतदार परदेशांतून मातृरोपे आणवितात. घरबागेस तो खर्च परवडत नाही.

उन्हाळ्याच्या अखेरीस निरोगी रोपाला धावती खोडे फुटतात. त्यांवरील बालरोप माती व शेणखताच्या कुंडीत तारेच्या आकड्याने टेकवावे. मुळे धरताच जोड कापावा. कुंड्या पडवीच्या कडेस, उजेडात ठेवाव्यात. पागोळीखाली कदापि ठेवू नयेत.

पाऊस ओसरल्यावर गादीवाफ्यावर एक फूट अंतराने लागण करावी. मधला कोंब मातीत गाडल्यास कुजतो, फार वर राहिल्यास मुळे उघडी पडून रोप वाळते. फुले येताच भाताचा पेंढा अंथरावा. मावळात त्यास तोटा नाही. फळे त्यामुळे मातीस टेकत नाहीत.