फायबरचे प्लॅस्टर घ्यावे, पण सूज उतरल्यावर

हात मोडला, एक्स-रे निघाला आणि डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: फायबर टेप ३ इंची दोन नग, सॉफ्टरोल दोन, स्टॉकिनेट. धार असो, देवास असो की इंदूर, औषधाच्या दुकानापुढे अशी चिठ्ठी घेऊन उभा असलेला बाप किंवा मुलगा पाहायला मिळतोच. दुकानदार विचारतो, "साधं देऊ की फायबरचं?" साधे म्हणजे पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस), बरेच स्वस्त. फायबर त्याच्या कित्येक पट महाग. घरचे माणूस कण्हत बाकावर बसलेले असताना स्वस्त वस्तू मागायला जीव धजत नाही, आणि फायबरची पाकिटे घेऊन माणूस धावत परततो.

त्या घाईत एक प्रश्न विचारायचा राहून जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच असतो. "डॉक्टर, आज हात चारी बाजूंनी बंद करणार की अर्धा उघडा ठेवणार?" फायबर की पीओपी, हे त्यानंतर ठरवायचे.

हाड मोडले की आतल्या आत रक्त साकळते, आजूबाजूच्या स्नायूंत पाणी भरते आणि हात फुगू लागतो. ही सूज पहिले दोन-तीन दिवस वाढतच असते. अशा हाताभोवती पहिल्याच दिवशी पक्के प्लॅस्टर गुंडाळले तर सुजेला बाहेर जागा मिळत नाही. दाब आत वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, स्नायूंना रक्त पुरत नाही. हे सहा-आठ तास चालले तर स्नायू कायमचे मरू शकतात आणि बोटे आखडून पंजा वाकडा होतो. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले आणि आवळून बांधलेल्या पट्ट्यांवर बोट ठेवले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेल्या पाच ते आठ वर्षांच्या मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडते, तेव्हा हा धोका सर्वांत जास्त असतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात कच्चे प्लॅस्टर बरे. हाताच्या एकाच बाजूने पन्हळीसारखी पट्टी बसवतात आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळतात. सूज वाढली तर बँडेज सैल करता येते. सात-दहा दिवसांनी सूज उतरते, पुन्हा एक्स-रे काढून हाड जागेवर असल्याची खात्री होते, आणि मग पक्के प्लॅस्टर. फायबरवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते या वेळी. आधी केले तर सूज उतरल्यावर तेच प्लॅस्टर ढिले होऊन हातावर खुळखुळते, हाड आत सरकू शकते आणि महागडा टेप कापून टाकून नवा घ्यावा लागतो.

कधी कधी सरकलेले हाड बसवल्यावर ते पहिल्याच दिवशी पूर्ण प्लॅस्टरमध्ये धरून ठेवावे लागते. तेव्हा प्लॅस्टरला लांबीभर चीर देऊन ठेवता येते. चीर फक्त वरच्या कवचाला देऊन भागत नाही, आतला कापूसही कापावा लागतो. तो रक्ताने-घामाने भिजून वाळला की दोरीसारखा आवळतो. धार जिल्ह्याचा पसारा मोठा. कुक्षी, डही, मनावरकडून आलेला रुग्ण संध्याकाळच्या बसने गावी परतणार असेल, तर त्याने डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. रात्री दोन वाजता बोटे काळीनिळी पडली तर धारला पोचायला त्याला सकाळ होईल. त्याला चीर दिलेले किंवा कच्चे प्लॅस्टरच योग्य.

गोळी घेऊनही वाढत जाणारी कळ, कुणी हलकेच बोट सरळ केले तरी जीव जाईल असे दुखणे, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा, बोटे पांढरीफटक किंवा निळसर आणि गार: यांतले एकही दिसले की सकाळची वाट पाहायची नाही. धारचे भोज रुग्णालय, देवासचे महात्मा गांधी जिल्हा रुग्णालय, इंदूरचे एम.वाय., जे जवळ असेल त्याच्या अपघात विभागात थेट जावे आणि "प्लॅस्टर आवळतंय" हेच पहिले वाक्य बोलावे. मनगटाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. ती जाते ती बहुधा शेवटी.

बंध फार आवळू नये, हे ज्ञान काही नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या आधाराला बांधाव्यात, बंध सैल असला तर सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट असला तर सूज व वेदना येतात, असे त्यात सांगितले आहे. शिवाय थंडीत बंध सात दिवसांनी बदलावा, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, असा हिशेबही दिला आहे. आज गावोगावचे हाडवैद्य त्याच कामट्या बांधतात, मात्र पुष्कळदा हा सैल-घट्टाचा विवेक त्यांत नसतो. एक्स-रे न काढता आवळून बांधलेल्या कामट्यांमुळे हात सडल्याच्या आणि कापावा लागल्याच्या घटना भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदल्या गेल्या आहेत. मुलाला आधी तिकडे नेले असेल तर डॉक्टरांपासून ते लपवू नये. कोणी रागावेल म्हणून गप्प राहण्याची ही वेळ नव्हे.

राहिला प्रश्न पीओपी की फायबरचा. पीओपीची पट्टी डच लष्करी शल्यचिकित्सक अँटोनियस माथाइसेन यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केली. भाजलेल्या जिप्समची पूड चोळलेले कापड पाण्यात बुडवले की पाच-आठ मिनिटांत घट्ट होते, पण पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर दाबले तर खळगा पडतो. वजनाला ते जड, पाण्याला घाबरणारे. तरी त्याचा एक गुण फायबरला अजून साधलेला नाही: ओले असताना ते तळहाताने दाबून हवा तसा आकार घेते. नुकत्याच बसवलेल्या हाडाला नेमका तोच आधार लागतो. तेव्हा सरकारी रुग्णालयात साधे प्लॅस्टर लावले म्हणजे उपचार हलका झाला, असे अजिबात नाही.

फायबरचा टेप म्हणजे काचतंतूंचे विणलेले कापड, पॉलियुरेथेनच्या चिकट रेझिनमध्ये भिजवलेले. पाणी लागताच रेझिन जमू लागते, तीन-पाच मिनिटांत कडक होते आणि अर्ध्या तासात प्लॅस्टर पूर्ण ताकदीचे होते. हाताला तीन-चार थर पुरतात. वजन कमी, हवा खेळती राहते आणि त्यातून एक्स-रेही स्वच्छ दिसतो.

आता दुकानातली गोष्ट. टेप हवाबंद पाकिटात येतो, कारण हवेतल्या दमटपणानेही रेझिन जमते. पाकीट हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहावे. आतला रोल मऊ, दबणारा लागला तर ठीक. कडक लाकडासारखा लागला, किंवा एका बाजूला घट्ट गोळा जाणवला, तर अंतिम तारीख पुढची असली तरी परत द्यावा. पाकिटाला बारीक भोक असले तरी तेच. बहुतेक पाकिटांवर थंड जागी, साधारण २५ अंशांच्या आत ठेवण्याची सूचना असते. माळव्यातल्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखालच्या दुकानात तर त्याहून वर. टेप आदल्या दिवशी आणून दुचाकीच्या डिकीत ठेवणे म्हणजे तो वाया घालवणे. पाकीट घरी उघडून पाहू नये. ते हातमोजे घातलेल्या माणसाने प्लॅस्टर करतानाच फोडायचे असते, कारण कातडीला लागलेले रेझिन सहज निघत नाही. रुंदीचे म्हणाल तर लहान मुलाला २ इंची, मोठ्या माणसाच्या मनगटाला ३ इंची आणि कोपराच्या वर न्यायचे असेल तर सोबत ४ इंची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. नग किती ते डॉक्टरच सांगतील. न उघडलेले पाकीट परत घेणार का, हे आधीच विचारून बिल जपून ठेवावे.

टेपच्या दर्जाची चौकशी सगळेच करतात. सॉफ्टरोलची, म्हणजे आतल्या कापसाच्या अस्तराची, कोणी करत नाही, आणि जखमा बहुतेक त्याच्यामुळेच होतात. मनगटाच्या बाहेरचा उंचवटा, कोपराचे टोक, अंगठ्याचे बेचके इथे कापूस पातळ पडला की कवच घासते आणि आत घाव होतो. फायबर पाण्याने भिजत नाही म्हणून खुशाल अंघोळ करावी, हा समजही इथेच उताणा पडतो. भिजत नाही ते वरचे कवच. आतला साधा कापूस भिजतो, प्लॅस्टरच्या आत वाळत नाही, कातडी पांढरी पडून सोलवटते आणि वास मारू लागतो. पाणी चालणारे खास अस्तर मिळते, पण ते वेगळे मागवावे लागते आणि महागही असते. ते नसेल तर प्लॅस्टर असेपर्यंत अंघोळीला हातावर प्लॅस्टिकची पिशवी आणि हात बादलीबाहेर.

मग फायबर कोणी घ्यावे? महिना-दीड महिना प्लॅस्टर राहणार असेल, रुग्ण धुडगूस घालणारे पोर असेल, खांदा दुखणारी वृद्ध बाई असेल, पिथमपूरच्या कारखान्यात किंवा शेतात लवकर परतायचे असेल, तर पैसे सार्थकी लागतात. कर्ज काढून मात्र घेऊ नये. लहान मुलांच्या मनगटाजवळच्या हाडाला नुसती चुणी पडली असेल, तर पक्के प्लॅस्टरही लागत नाही. ब्रिटनमधल्या 'फोर्स' या चाचणीत ४ ते १५ वर्षांची ९६५ मुले होती. निम्म्यांना साधे बँडेज दिले, निम्म्यांना कडक आधार. तीन दिवसांनी दोन्ही गटांत दुखणे सारखेच होते. हे निष्कर्ष २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तेव्हा "चुणी आहे की आरपार मोड?" हेही विचारून घ्यावे.

प्लॅस्टर होण्याआधी, खरे तर पडल्या पडल्याच, अंगठ्या, बांगड्या, कडी काढावीत. हिरवा चुडा काढायला घरातल्या मोठ्यांचे मन धजत नाही आणि बाग-कुक्षीकडच्या बायकांची चांदीची कडी तर सहज निघतही नाहीत. साबण लावून ती लगेच उतरवावीत, नाहीतर सुजेत रुतलेले कडे नंतर कापावे लागते.

प्लॅस्टर झाल्यावर मूठ वळवून पाहावी. तळहाताच्या पुढच्या घडीपाशी ते थांबलेले असावे, बोटांची मुळे पूर्ण वाकावीत. वाकत नसतील तर तिथल्या तिथे कड कापून घ्यावी. पहिले तीन दिवस हात उशांवर, छातीपेक्षा उंच. बोटे दर तासाला उघडमीट. खाज सुटली म्हणून आत विणायची सुई, पट्टी, पेन घालू नये. घालणारे पुष्कळ असतात आणि आतल्या ओरखड्यात पू होतो. ड्रायरचा गार वारा सोडला तरी बरे वाटते. ताप आला, दुर्गंधी सुटली किंवा बाहेर डाग उमटला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

मुलांचे मनगट साधारण तीन-चार आठवड्यांत जुळते, मोठ्यांना सहा लागतात. पीओपी भिजवून घरी सोडवणारे असतात. फायबर पाण्याने सुटत नाही आणि कात्रीलाही दाद देत नाही, त्याला कंप पावणारी करवत लागते. ती कडक कवच कापते, मऊ कातडी सहसा नाही, पण पाते तापते. "गरम लागतंय" असे मूल म्हणाले तर करवत थांबवायलाच हवी, ते भीतीने रडते आहे असे समजू नये.

पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे मनगट नुसते चालता चालता, घरात किंवा देवासच्या टेकडीच्या पायरीवर, पडून मोडले असेल तर हाड जुळल्यावर काम संपत नाही. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची खूण असू शकते. प्लॅस्टर काढण्याच्या दिवशीच डॉक्टरांना हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल आणि ड जीवनसत्त्वाच्या रक्ततपासणीबद्दल विचारावे.