सम्यक आजीविका आणि बाजाराची पिशवी

तथागत भगवान बुद्धांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गातील पाचवे अंग म्हणजे सम्यक आजीविका. विहारात या अंगावर चर्चा होते तेव्हा ती बहुधा नोकरी-धंद्याची होते. पैसा सन्मार्गाने मिळवावा हे सर्वांना पटते; पण मिळवलेला पैसा कोठे व कसा खर्च करावा, हा प्रश्न मागे राहतो. सामान्य कुटुंबाच्या मिळकतीतील मोठा वाटा धान्य, भाजी व दूध यांवर जातो. म्हणून प्रस्तुत लेखात खाद्यपदार्थांच्या खरेदीचा धम्माच्या दृष्टीने विचार केला आहे.

विक्रेता आणि गिऱ्हाईक

अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्तात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार. हा उपदेश विकणाऱ्याला आहे हे खरे. पण गिऱ्हाईक नसेल तर कोणताच व्यापार चालत नाही.

विषाचेच उदाहरण घेऊ. फळे पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असू शकतात. तरीही ते चोरून वापरले जाते. का? हंगामाआधीच पिवळाधमक आंबा मागणारे आपण आहोत म्हणून. गुळाचेही तसेच. काळसर गूळ गिऱ्हाईक बाजूला सारते, म्हणून गुऱ्हाळात रंग उजळण्यासाठी रसायन पडते. डोळ्यांची ही तृष्णा आपण आवरली, तर विषाचा व्यापार तेवढ्यापुरता थांबतो.

मांसाहाराचा प्रश्न

येथे विद्यार्थी नेहमी विचारतात, मग मांस विकत घ्यावे की नाही? जीवक सुत्तानुसार, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले वा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये. एरवी त्याला मनाई नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे. हाच निकष गृहस्थाने आपल्यापुरता लावावा. गरजेपुरते घेणे वेगळे आणि मिरवण्यासाठी ताटे भरून अर्धे टाकून देणे वेगळे. मात्र दुसऱ्याच्या ताटात काय आहे यावरून माणसाची प्रत ठरविण्याची रीत ही जातिव्यवस्थेची रीत आहे. तिचे चटके सोसलेल्या समाजाने ती करुणेच्या नावाने परत घरात आणू नये.

कोणाकडून घ्यावे ?

खरेदी हा समतेचाही प्रश्न आहे. अस्पृश्याच्या हातचे दूध किंवा चहा विकत न घेणे, हा बहिष्काराचा सर्वांत सोपा मार्ग होता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे चहा घेत व बरोबरच्यांनाही पाजत. एक कप चहाची खरेदी समाजाला किती शिकवू शकते, याचा हा आदर्श होय. आज आपण पाकिटावरची छापील किंमत मुकाट्याने देतो आणि मेथीची जुडी घेऊन बसलेल्या बाईशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. आपल्या वागण्यातील ही विषमता तपासली पाहिजे.

स्वस्त वस्तूमागेही कोणाचे तरी कष्ट असतात. साखरेच्या एका चमच्यामागे बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी कोयता घेऊन स्थलांतर करणारी कुटुंबे आहेत. त्यांत आपलेही बांधव आहेत. साखर सोडल्याने त्यांचे दुःख संपणार नाही. परंतु त्यांच्या मजुरीच्या व मुलांच्या शाळेच्या मागणीला पाठिंबा देणे हे साखर खाणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

तराजू आणि उंबर

कोलिय दीघजाणूला भगवंतांनी समजीविता सांगितली. तराजू धरणारा जसा दोन्ही पारडी पाहतो, तसा गृहस्थाने जमा व खर्च पाहावा. मिळकत थोडी असून उधळेपणा करणाऱ्याला तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे : झाड हलवून ढीगभर उंबरे पाडायची आणि खायची मोजकीच. फ्रीजमध्ये सडणारी भाजी पाहिली की ही उपमा पटते. वाया गेलेल्या अन्नाबरोबर पाणी व श्रमही वाया जातात. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी बहुतांशी जमिनीतल्या ओलीवर येते. गरिबाचे अन्न म्हणून हिणवलेली भाकरी आज पाण्याचा हिशेब मांडला तर शहाणपणाची ठरते.

आचरणासाठी काही नियम

१) यादी करून, गरजेपुरतेच घ्यावे, कापडी पिशवी न्यावी.
२) फळे-भाज्या हंगामातल्या व जवळपासच्या घ्याव्यात.
३) पाकिटावरील वजन, तारीख व १४ अंकी अन्न परवाना क्रमांक वाचावा, हे काम मुलांना द्यावे.
४) पक्की पावती मागावी, भेसळीची शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.
५) लहान विक्रेत्याला वाजवी दाम द्यावा.

यांतील एकाही नियमाला जास्त पैसा लागत नाही. महागडा 'सेंद्रिय' माल घेणाराच नीतिमान, असे धम्म सांगत नाही. हातावर पोट असलेल्या माणसालाही विवेकाने खरेदी करता येते. पंचशील आपण मुखाने म्हणतो. ते बाजारातही पाळले जावे, एवढीच उपासक-उपासिकांना नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!