बाराव्या नंबरचं दुकान: संघातली जागा कशी मिळते, कशी जाते



मागच्या व्हिडिओत मी एक प्रश्न टाकला होता. गावात तुमच्या धंद्याची आधीच चार दुकानं आहेत, त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत, मग पाचव्याने उभं राहायचं कसं? व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून आज सविस्तर लिहितो. उदाहरण क्रिकेटचं घेतोय. कारण जागा अकरा, दावेदार पंधरा, हा हिशोब आपल्या सगळ्यांना लगेच कळतो.

पण आधी माझं सांगतो.

माझी जागा गेली तेव्हा

जवळा बाजारला माझं पाईप-फिटिंग आणि हार्डवेअरचं दुकान आहे. बीबीए करून आलो तेव्हा वाटायचं की मार्केटिंग आपल्याला येतं, गिऱ्हाईक आपोआप येईल. दुसऱ्या वर्षी एक गुत्तेदार माझ्याकडून नियमित माल घ्यायला लागले. महिन्याच्या विक्रीतला जवळजवळ तिसरा हिस्सा त्यांचा. मी त्या भरवशावर बँकेचा हप्ता बसवला.

एक दिवस त्यांचं येणं बंद झालं. भांडण नाही, फोन नाही, काहीच नाही.

मी काय केलं? पंधरा दिवस घरी चिडचिड केली. मग रेट पाडले. एल्बो, टी, सॉकेट खरेदीच्या भावाला द्यायला लागलो. तरी ते आले नाहीत. शेवटी एकदा चहाच्या हॉटेलवर गाठलं आणि सरळ विचारलं, "काका, माझं काही चुकलं का?"

ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मालाला नाव ठेवायला जागा नाही. पण माझे मिस्त्री सातला साईटवर येतात अन् तुमचं शटर उघडतंय साडेनऊला. अडीच तास माणसं बसवून ठेवली तर त्यांची हजेरी कोण देणार?"

मी दीड महिना भावावर भांडत होतो. त्यांची अडचण वेळेची होती.

धडा पहिला: वगळलं, म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही

आता २०२५ चा महिला विश्वचषक आठवा. आपली मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज. स्पर्धेच्या पहिल्या चार सामन्यांत ती दोनदा शून्यावर बाद झाली आणि दोनदा तिशीच्या पुढे जाऊन थांबली. १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध तिला अकरात घेतलं नाही. संघाला एक गोलंदाज जास्त हवा होता, म्हणून रेणुका सिंग आली आणि जेमिमा बाहेर बसली.

नीट बघा. धावा कमी होत्या हे खरं. पण जागा गेली ती संघाची गरज बदलली म्हणून. निवडणारा माणूस "सगळ्यात चांगलं कोण" एवढंच बघत नाही. "आज माझं काम कुठे अडलंय" हे तो आधी बघतो. तो सामना भारत ४ धावांनी हरला. लगेच २३ ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर खेळली आणि नाबाद ७६ धावा केल्या.

त्यानंतर ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना. समोर ३३९ धावांचं लक्ष्य. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे तिला फलंदाजी सुरू होण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं तिने सामन्यानंतर सांगितलं. तिने नाबाद १२७ केल्या. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला तो सगळ्यात मोठा यशस्वी पाठलाग ठरला.

आता दुकानात या. गिऱ्हाईक गेलं की आपण पहिलं काय करतो? भाव पाडतो. पण गिऱ्हाईक भावासाठी गेलंय हे तुम्हाला सांगितलं कुणी? न विचारता भाव पाडणं म्हणजे कुठे दुखतंय ते न बघता गोळी घेणं. गल्ला रिकामा होतो अन् दुखणं तसंच राहतं.

मी त्या दिवसानंतर शटर साडेसहाला उघडायला लागलो. गुत्तेदारांना सांगितलं, रात्री नऊपर्यंत व्हॉट्सॲपवर यादी टाका, सकाळी पिशवी बांधून तयार मिळेल. ते परत आले. पण खरं सांगतो, सगळं काम परत आलं नाही. अर्धं आलं. अर्धं दुसऱ्या दुकानाकडे राहिलं, ते आजही तिकडेच आहे. गेलेली जागा पूर्ण परत मिळेलच असं धरून हप्ता बसवू नका, हे मी तेव्हा शिकलो.

धडा दुसरा: जागा रिकामी होते ती न सांगता

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट. सलामीची प्रतीका रावल जबरदस्त खेळत होती. न्यूझीलंडविरुद्ध तिचं शतक झालं होतं. २६ ऑक्टोबरला बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा घोटा दुखावला आणि ती स्पर्धेतून बाहेर गेली.

तिच्या जागी बोलावलं शेफाली वर्माला. शेफाली सुमारे वर्षभर भारताच्या एकदिवसीय संघात नव्हती. विश्वचषकाच्या मूळ पंधरा जणींतही ती नव्हती. म्हणजे अकरात नाही, बाकावर नाही, थेट यादीच्या बाहेर! पण ती घरी बसली नव्हती, देशांतर्गत सामने खेळत होती. उपांत्य सामन्यात तिच्या फक्त १० धावा झाल्या. २ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात मात्र तिने ८७ धावा केल्या, वर दोन बळी घेतले. भारत ५२ धावांनी जिंकला आणि सामन्याची मानकरी शेफाली ठरली.

माझ्या दुकानात असंच एकदा झालं. आमच्याकडे हरभरा-गव्हाच्या दिवसांत तुषार संचाची धावपळ असते. लाईट कधी रात्री येते, कधी पहाटे. त्याच वेळी नेमकी पाईपाची रबर रिंग फाटते नाहीतर नोझल जातं. माल दहा-वीस रुपयांचा, पण त्याच्यासाठी सगळं पाणी थांबतं. या मालाचं मोठं गिऱ्हाईक दुसऱ्या एका जुन्या दुकानाकडे होतं. माझ्याकडे कुणी येत नव्हतं. तरी मी ६३, ७५ आणि ९० एमएमच्या रिंगा आणि नोझल एका क्रेटमध्ये भरून ठेवायचो.

एका हंगामात त्या दुकानदारांच्या घरी लग्न होतं. दुकान चार दिवस बंद. ते चार दिवस माझ्याकडे पहाटेपासून शेतकरी. मी प्रत्येकाला रिंग दिली आणि वहीत लिहून ठेवलं की कोणत्या गावचे, किती एमएमचा संच, किती जुना. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी त्यांना फोन केला, "दादा, संच बाहेर काढण्याआधी रिंगा बघून घ्या." त्यातले बरेच जण आता माझेच गिऱ्हाईक आहेत.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तयारी म्हणजे गोदाम भरणं नव्हे. कर्ज काढून माल भरला आणि जागा रिकामी झालीच नाही, तर व्याज तुम्हीच भरणार. तयारीचा माल तीन अटींत बसला पाहिजे: पैसे कमी अडकतात, खराब होत नाही आणि अडचणीच्या वेळी लागतो.

दोन, समोरच्याची अडचण ही आपली मजा नाही. अंतिम सामना जिंकल्यावर प्रतीका व्हीलचेअरवर मैदानात आली आणि सगळ्यांबरोबर जल्लोषात होती. ज्या दुकानदारांचं मी सांगितलं, त्यांच्याकडून मी आजही अडचणीला माल आणतो, ते माझ्याकडून नेतात.

धडा तिसरा: काही जागा रिकाम्या होतच नाहीत

हा भाग मोटिव्हेशनल व्हिडिओत कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

या जिंकलेल्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर शालेय सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसले होते ते अमोल मुझुमदार. त्यांची बारी आलीच नाही. पुढे १९९३-९४ च्या हंगामात मुंबईकडून रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातला तो तेव्हाचा विश्वविक्रम. पूर्ण कारकिर्दीत ११ हजारांवर धावा, ३० शतकं. तरी भारताकडून एकही सामना नाही. कारण मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली आणि लक्ष्मण. चौघांतलं कुणी हलणार?

ते काय कमी तयारीचे होते? अजिबात नाही. कष्ट करूनही जागा न मिळणं हे खरंच घडतं. पुढे त्यांनी मुंबईला २००६-०७ ची रणजी कर्णधार म्हणून जिंकून दिली, मग आसाम, आंध्रकडून खेळले आणि नंतर प्रशिक्षणात गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाची जबाबदारी घेतली आणि दोन वर्षांनी विश्वचषक. न खेळलेल्या सामन्यांची कसर त्याने भरून निघाली असं मी म्हणणार नाही. ते त्यांनाच माहीत. पण क्रिकेटचं ज्ञान तेच ठेवून त्यांनी काम बदललं, एवढं आपल्याला घेता येईल.

मीही अशा एका जागेमागे लागलो होतो. पाईपाच्या मोठ्या ऑर्डरी. मोठे दुकानदार ट्रकने माल उतरवतात, मी टेम्पोने आणतो. माझा खरेदीचा भाव त्यांच्या विक्रीच्या भावाजवळ जातो. जिद्दीने एक अख्खा हंगाम तोट्यात विकलं. शेवटी घरच्यांसमोर वही उघडली तेव्हा मान खाली गेली. त्या दिवशी मोठ्या ऑर्डरी सोडल्या आणि फिटिंग, दुरुस्तीचे पार्ट आणि सकाळची पिशवी एवढंच धरलं. विक्रीचा आकडा कमी झाला, पण हप्ता वेळेवर जायला लागला.

म्हणून नव्या धंद्यात उतरताना आधीच ठरवा: या जागेसाठी मी किती महिने आणि किती रुपये लावणार. ती मर्यादा कागदावर लिहा आणि घरात एकाला दाखवून ठेवा. म्हणजे तुम्ही विसरलात तर ते आठवण देतील.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या सहा महिन्यांत तुटलेली तीन गिऱ्हाइकं लिहा. त्यातल्या एकाला भेटून कारण विचारा. वाद घालू नका, फक्त ऐका आणि लिहून आणा. तोपर्यंत भावाला हात लावू नका.

२. तुमच्या धंद्यातल्या पाच वस्तू किंवा सेवा शोधा, ज्या वरच्या तीन अटींत बसतात. दुकान नसेल आणि शिलाई, मेस किंवा मोबाईल दुरुस्ती करत असाल, तरी अशा गोष्टी असतातच.

३. कोणत्या एका जागेमागे तुम्ही लागलाय, तिची मर्यादा लिहा: महिने किती, रुपये किती.

पहिला गृहपाठ सगळ्यात अवघड आहे. मला हॉटेलवर तो प्रश्न विचारायला दीड महिना लागला. तुम्ही याच आठवड्यात विचारा.

पुढच्या व्हिडिओत उधारीची वही घेऊन बसू. भेटूया.