जुन्या पातेल्यास कल्हई

माळ्यावर पालथीं घातलेलीं पितळेचीं पातेलीं आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं असतील. स्टीलचीं भांडीं आल्यापासून त्यांस कोणी विचारीत नाहीं, व शेवटीं तीं वजनावर मोडींत जातात. तत्पूर्वीं एवढें पाहावें कीं, भांडें खरोखर निकामी झालें आहे, किंवा केवळ त्याची कल्हई उडाली आहे. जाड बुडाचें पातेलें बहुधा दुसऱ्या प्रकारचें निघतें.

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्र धातु. चिंच, आमसूल, ताक यांच्या आंबटपणानें त्यांतील तांबें सुटून अन्नांत उतरतें. अन्न हिरवट पडतें व चवीस कडवट लागतें. ह्यासच वडील माणसें ‘कळकलें’ असें म्हणतात. तें पोटांत गेल्यास मळमळ, वांत्या व जुलाब होतात. हें टाळण्याकरितांच आंतून कथलाचा पातळ लेप द्यावयाचा. आंत पिवळा ठिपका दिसूं लागला कीं, त्या भांड्यांत आंबट शिजविणें बंद करावें.

कल्हई करणारा भांडें प्रथम वाळूनें स्वच्छ घासतो, मग भात्यानें फुलविलेल्या कोळशावर तापवितो. त्यांत नवसागराची पूड टाकून ती कापसाच्या बोळ्यानें फिरवितो. नवसागर धातूवरील काळपट थर काढून टाकतो. तो गेल्यावांचून कथील धरीत नाहीं. नंतर कथलाची कांडी तापल्या भांड्यास टेकविली कीं ती वितळते, कारण कथलास 232 अंश सेल्सिअस उष्णता पुरते. तें चटकन् कापसानें सर्वत्र पसरवून भांडें पाण्यांत बुडवितात. त्या वेळीं निघणारा पांढरा धूर घशास बाधतो, म्हणून हें काम उघड्या जागीं व्हावें व मुलांस दूर ठेवावें. (मुलांस नेमका हाच भाग पाहावयाचा असतो!)

आतां मुख्य गोष्ट. शिसें कथलाहून पुष्कळ स्वस्त, आणि दोहोंचें मिश्रण त्याहूनही कमी उष्णतेवर वितळतें. यामुळें भेसळीचा मोह होतो. शिसें हळूहळू अंगांत सांचतें व लेंकरांच्या बुद्धीस अपाय करितें. त्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक आहे असें जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकविली असतां करकर असा आवाज येतो. शिसें कागदावर ओढलें असतां करडी रेघ उमटते. तथापि थोडी भेसळ अशा परीक्षेनें कळत नाहीं. म्हणून कथील खात्रीच्या दुकानांतून आपणच आणून द्यावें, व काम आपल्यासमोर करवून घ्यावें. चार पैसे अधिक गेले तरी हरकत नाहीं.

कल्हई केलेलें भांडें रिकामें चुलीवर ठेवूं नये, लेप वितळतो. विटेच्या पुडीनें घासूं नये. राख व काथ्या पुरे. भोक पडलेल्या भांड्यास डाग देऊन घेतां येतो, परंतु त्या डागांत बहुधा शिसें असतें. असें भांडें स्वयंपाकास न घेतां त्यांत तुळशीचें किंवा मिरचीचें रोप लावावें.