शरणपुराचा धडा

गणना ३५ मधील सहा शरणपुरे शिकविताना आम्ही नकाशावर ठिपके काढून थांबत असू. निर्दोषाचे रक्त पडू नये (अनुवाद १९:१०), हे राहूनच जाई.

फ्रान्समधील ल शांबों ह्या डोंगरी गावच्या लहान प्रॉटेस्टंट मंडळीने युद्धकाळात हा धडा गिरविला. जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदी केली. दुसऱ्याच दिवशी उपासनेत पाळक आंद्रे त्रोक्मे ह्यांनी आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करण्यास सांगितले. पुढे यहूदी मुले तेथील शेतकऱ्यांच्या घरी राहिली, गावात शिकली. १९४३ मध्ये त्रोक्मे कैद झाले. त्यांचे नातलग दानिएल १९४४ मध्ये मायदानेक छावणीत मरण पावले.

निर्वासितांसाठी खोटे दाखलेही केले गेले. वर्गातील मुले विचारतात, “ते पाप नव्हे काय?” आम्ही राहाबेचा वृत्तांत (यहोशवा २) उघडतो, आणि उत्तराची घाई करीत नाही.